वास नंतर, मेण आधी

दिवाळीच्या भेटीच्या डब्यातून हल्ली काजूकतलीच्या शेजारी वडीसारखेच दिसणारे आणखी काहीतरी निघते. ते तोंडात टाकायचे नसते. त्या सुगंधी मेणाच्या वड्या, म्हणजे वॅक्स मेल्ट्स. त्यांना वात नसते. एका वाटीत वडी ठेवायची आणि खालून बल्बची, तापणाऱ्या तबकडीची किंवा टी-लाइट या छोट्या मेणबत्तीची ऊब द्यायची. मेण पातळ होते आणि त्यातला सुगंध हवेत जातो. मेण मात्र जागच्या जागी राहते, त्यामुळे वाटी भरलेली दिसत असूनही वास येईनासा झाला तर फसवणूक झाली असे समजू नये. वडीचे काम संपलेले असते, एवढेच.

खरेदीचे बहुतेक सल्ले वासापासून सुरू होतात: मोगरा घ्यावा, चंदन घ्यावे की व्हॅनिला. वर्धा जिल्ह्यातल्या नाचणगाव-पुलगावकडच्या माणसाने मात्र आधी विचारावे, हे मेण किती अंशांना वितळते? पुण्यात हा प्रश्न कुणाला सुचायचा नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि नवतप्याच्या कडक उन्हात पत्र्याखालच्या खोलीतले कपाटसुद्धा हाताला गरम लागते. वड्यांसाठी वापरले जाणारे सोयामेण साधारण ५० अंशांच्या आसपास वितळते आणि त्याच्या बरेच आधी मऊ पडते. सुगंधी तेल मिसळले की ते आणखी नरम होते. खोबरेल तेल तर २४ अंशांनाच पातळ होते, म्हणून त्याचे प्रमाण जास्त असलेली वडी इथे डिसेंबर-जानेवारीपुरतीच धड राहील. मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंशांपर्यंत टिकते, पण ते महाग असते आणि त्याला स्वतःचा मधाळ वास असतो. पॅराफिनमध्ये नरम-कडक असे बरेच प्रकार मिळतात. ऑनलाइन मागवायचे असेल तर मार्चच्या आत मागवावे. उन्हात उभ्या राहिलेल्या कुरिअरच्या गाडीतून आलेल्या वड्यांचा एकच गोळा झालेला असतो.

सोयामेण म्हणजे परदेशी चीज, असे वाटण्याचे कारण नाही. दिवाळीच्या तोंडावर आपल्या शिवारात जे सोयाबीन निघते, त्याच्याच तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट केलेले असते. वनस्पती तूप करण्याची रीतही हीच. उलट पॅराफिन खनिज तेलातून येते. झाडाचे तेल बरे की जमिनीखालचे, हा वाद आपल्या जिल्ह्याला नवा नाही. १९३४ साली गांधीजींच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे ठाणे वर्ध्याच्या मगनवाडीत होते. रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा ‘मगनदीप’ नावाचा कंदील तिथूनच आला. ग्रामोद्योग संघाचे जे. सी. कुमारप्पा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मुद्दा सरळ होता: गावात पिकते त्यावर गावाचा दिवा लागावा.

तो मुद्दा आजही पटतो. पण वेष्टनावरच्या ‘नैसर्गिक’ या शब्दाला भुलू नये. मेण सोयाचे असले तरी त्यातला सुगंध बहुधा प्रयोगशाळेतलाच असतो, आणि नैसर्गिक तेले निरुपद्रवी असतात असेही नाही. मांजराचे यकृत अशा तेलांतली काही रसायने नीट पचवू शकत नाही. टी ट्री आणि निलगिरी ही त्यातली नेहमीची नावे. पिंजऱ्यातले पक्षी तर हवेतल्या वाफांना फारच नाजूक. घरात कुणाला दमा असेल तर तीव्र वासाची वडी आणूच नये. वेष्टनावर घटक, वजन आणि बनवणाऱ्याचा पत्ता नसेल तर ती कितीही स्वस्त असली तरी दुकानातच ठेवावी.

तापवण्यासाठी विजेचे साधन बरे, कारण त्यात ज्योत नसते. बल्ब मात्र सांगितलेल्या वॅटचाच लावावा. वास लवकर दरवळावा म्हणून मोठा बल्ब लावला की मेण जास्त तापते आणि सुगंध भराभर उडून जातो. टी-लाइटचे भांडे असेल तर पंख्याच्या वाऱ्यापासून आणि पडद्यापासून दूर, मुलांचा हात पोचणार नाही अशा सपाट जागी ठेवावे आणि खोलीतून निघताना विझवावे. वाटीत पाणी घालू नये, ते सुगंधी तेलाच्या दिव्यासाठी असते.

एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. संध्याकाळी देवाजवळ कापूर लावणाऱ्या आपल्या घरांत तीच वाटी कापरासाठी वापरायचा मोह होतो. विजेच्या कापूरदाणीत कापूर ठेवणे ठीक, पण टी-लाइटवर नको. कापूर न वितळताच वाफ होऊ लागतो, ती वाफ सहज पेट घेते आणि खाली ज्योत तयारच असते. शिवाय कापराची वडी लहान मुलाने गिळली तर झटके येऊ शकतात. तसे झाले तर उलटी काढत बसू नये, थेट दवाखाना गाठावा.

मेणाने पेट घेतला तर त्यावर पाणी ओतू नये. पाण्याची एकदम वाफ होते आणि जळते मेण चहूकडे उडते. झाकण टाकावे, प्लग काढावा. अंगावर सांडले तर वीसेक मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावे. चिकटलेले मेण ओढून काढू नये, तूप-हळद लावू नये.

कूलर सुरू झाले की मात्र या वड्या गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवलेल्या बऱ्या. त्या वाऱ्यात मेण तापत नाही आणि वास टिकत नाही. तेव्हा वाळा आहेच. ओल्या वाळ्याच्या ताटीतून आलेल्या हवेला कुठलाही परदेशी सुगंध गाठू शकत नाही, हे माझे मत पक्षपाती असेल.

वास गेलेले मेण बेसिनमध्ये ओतू नये. पाइपात ते थिजते आणि मग नळकारागीर बोलवावा लागतो. साधन बंद करून मेण कोमट असतानाच कापसाच्या बोळ्याने टिपून घ्यावे, किंवा पूर्ण थिजू द्यावे. थिजल्यावर वाटी थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवली की वडी आपोआप सुटते. ती लगेच फेकायची गरज नाही. अडकणाऱ्या ड्रॉवरच्या कडेला किंवा पिशवीच्या घट्ट चेनला चोळायला चांगली चालते.