परदेशस्थ पती अथवा पत्नी आणि घटस्फोटाचा कायदा

नोकरी, व्यापार वा उच्च शिक्षण यांच्या निमित्ताने समुद्रापलीकडे जाण्याची रीत आपल्या भागांत जुनीच आहे. गोव्याचे तारवटी पिढ्यान्‌पिढ्या बोटींवर गेले. हैदराबाद व बेळगाव या बाजूंचे कारागीर आखाती देशांत गेले. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील सुशिक्षित तरुण अमेरिका, कॅनडा, इंग्लंड येथे स्थिरावले. त्यांतील बहुतेकांचे संसार सुखाचे आहेत. परंतु जेथे संसार विसकटतो तेथे पतिपत्नींमधील हे अंतर हीच एक स्वतंत्र अडचण होऊन बसते. एखाद्या दिवशी परदेशी न्यायालयाचा कागद टपालाने घरी येतो, आणि घरातील वडीलधारी मंडळी, कित्येकदा गावातील जाणती माणसेही, “आता लग्न मोडले” असे समजून गप्प बसतात. ही समजूत बहुतांश चुकीची आहे, आणि त्या गप्प बसण्याने होणारे नुकसान मागाहून भरून काढणे फार कठीण जाते.

म्हणून दोन प्रश्न वेगवेगळे ठेवून पाहिले पाहिजेत. परदेशातील न्यायालयाने दिलेल्या घटस्फोटाने भारतात झालेला विवाह संपुष्टात येतो काय? आणि येत नसल्यास, दुसरा पक्ष परदेशी असताना आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी अर्ज करून घटस्फोट मिळविता येतो काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः नकारार्थी आहे. दुसऱ्याचे होकारार्थी आहे.

परदेशी हुकूमनाम्याचे मोल

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम १३ अन्वये परदेशी न्यायालयाचा निर्णय आपल्याकडे निर्णायक मानला जातो. मात्र त्यास सहा अपवाद आहेत. निर्णय देणाऱ्या न्यायालयास अधिकारिताच नसेल, प्रकरणाच्या गुणावगुणांवर निर्णय झाला नसेल, लागू असलेला भारतीय कायदा दुर्लक्षिला गेला असेल, समोरच्या पक्षास आपले म्हणणे मांडण्याची न्याय्य संधी मिळाली नसेल, निर्णय कपटाने मिळविला असेल, किंवा भारतीय कायद्याचा भंग करणाऱ्या मागणीस तो मान्यता देत असेल, तर असा निर्णय येथे बंधनकारक नाही. विवाहाच्या बाबतीत या अपवादांचा अर्थ काय होतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांवरून स्पष्ट झाले आहे.

पहिले प्रकरण पंजाबातील आहे. १९५५ साली जालंदर येथे हिंदू विधीने विवाह झालेला एक वनखात्यातील अधिकारी १९५९ मध्ये उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस गेला. पत्नी व दोन मुले येथेच राहिली. १९६४ च्या अखेरीस त्याने नेवाडा या राज्यातील न्यायालयाकडून घटस्फोटाचा हुकूम मिळविला. त्या राज्यात केवळ सहा आठवड्यांचे वास्तव्य घटस्फोटाच्या अर्जास पुरेसे समजले जाई. पत्नीने पोटगीसाठी जालंदरच्या दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला, तेव्हा पतीने तो हुकूम पुढे केला. १ ऑक्टोबर १९७४ रोजी न्यायमूर्ती य. वि. चंद्रचूड यांनी दिलेल्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम मानला नाही. नेवाडात कायम राहण्याचा पतीचा हेतू कधीच नव्हता. तेथील रहिवासी असल्याचे भासवून त्याने त्या न्यायालयाची दिशाभूल केली होती. पत्नीस पोटगीचा हक्क परत मिळाला.

दुसऱ्या निकालाचे महत्त्व याहून अधिक आहे, कारण त्यात सर्वांसाठी नियम घालून देण्यात आला. तिरुपती येथे १९७५ साली विवाह झालेल्या एका पतीने अमेरिकेतील मिसुरी राज्यात, विवाह पूर्णपणे विस्कटला आहे या कारणावरून, १९८० मध्ये घटस्फोट मिळविला. हे कारण हिंदू विवाह अधिनियमात घटस्फोटाचे कारण म्हणून नमूद नाही. पुढच्याच वर्षी त्याने भारतात दुसरा विवाह केला. पहिल्या पत्नीने द्विभार्या विवाहाची फिर्याद दाखल केली आणि हे प्रकरण दिल्लीपर्यंत गेले. जुलै १९९१ मध्ये न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिलेल्या निर्णयात असे ठरले की, ज्या कायद्यान्वये विवाह झाला त्याच कायद्याने अधिकार दिलेल्या न्यायालयाने, त्याच कायद्यातील कारणावरून दिलेला घटस्फोट तेवढा ग्राह्य. यास अपवाद मोजकेच आहेत. प्रतिपक्ष त्या परदेशी न्यायालयाच्या हद्दीत कायमचा वा नित्य राहणारा असून घटस्फोट आपल्या विवाहकायद्यातील कारणावर दिलेला असेल. किंवा प्रतिपक्षाने स्वेच्छेने व परिणामकारकपणे तेथे हजर होऊन अशाच कारणावरील मागणीस उत्तर दिले असेल. किंवा दोघांनीही घटस्फोटास संमती दिली असेल, तर तो हुकूम येथेही चालतो.

या प्रकरणातील पत्नी तिकडच्या न्यायालयात स्वतः हजर झाली नव्हती. तिने आपला आक्षेप नोंदवून, निषेधपूर्वक लेखी उत्तर पाठविले होते. सर्वसामान्य वाचकाने या निकालातून लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट हीच आहे.

समजा, खानापूर तालुक्यातील एका मुलीचा विवाह बेळगावास झाला, पती न्यू जर्सीस आहे, आणि तेथील न्यायालयाची नोटीस तिच्या माहेरी आली. तिने ती फाडून टाकणे जितके अयोग्य, तितकेच घाईने सही करून परत पाठविणेही अयोग्य. सही संमती म्हणून वाचली जाऊ शकते. आणि वकील देऊन तेथे मूळ दाव्यावर भांडू लागणे म्हणजे त्या न्यायालयाची अधिकारिता मान्य करणे होय. नोटीस कोणत्या तारखेस मिळाली ते लिहून ठेवावे, लिफाफा जपून ठेवावा आणि वकिलाच्या सल्ल्याने मुदतीत एवढेच कळवावे की, विवाह भारतात भारतीय कायद्याने झाला असून या न्यायालयाची अधिकारिता मान्य नाही. त्याच वेळी आपल्या जिल्ह्यात योग्य तो अर्ज दाखल करावा. हे न केल्यास विचित्र अवस्था उद्भवते: पती तिकडे अविवाहित, पत्नी इकडे विवाहित. आणि हेही ध्यानात घ्यावे की, अशा एकतर्फी परदेशी हुकमावर विसंबून पत्नीने पुनर्विवाह केल्यास तीसुद्धा अडचणीत येऊ शकते. नियम दोघांनाही सारखाच आहे.

येथील न्यायालयात अर्ज

हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम १९ मध्ये अर्ज कोठे करावा हे सांगितले आहे. विवाह जेथे झाला तेथे, प्रतिपक्ष राहतो तेथे, किंवा दोघे शेवटी एकत्र राहिले तेथे अर्ज करता येतो. २००३ च्या दुरुस्तीने पत्नीस स्वतः राहत असलेल्या ठिकाणीही अर्ज करण्याची मुभा मिळाली. या लेखाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा भाग असा की, प्रतिपक्ष अधिनियमाच्या क्षेत्राबाहेर, म्हणजे परदेशात राहत असेल, तर अर्जदार, मग तो पती असो वा पत्नी, स्वतः राहतो त्या ठिकाणच्या जिल्हा अथवा कुटुंब न्यायालयात अर्ज करू शकतो. त्यासाठी दिल्ली-मुंबई गाठण्याची आवश्यकता नाही.

कारणांमध्ये क्रूरता, व्यभिचार आणि सतत दोन वर्षे परित्याग ही नेहमी येणारी. परित्यागाविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. नोकरीसाठी दूर राहणे म्हणजे परित्याग नव्हे. पैसे पाठविणारा, फोन करणारा, पत्नीस नेण्यासाठी व्हिसाची खटपट करणारा पती तीन वर्षे आला नाही तरी त्याने परित्याग केला असे म्हणता येत नाही. योग्य कारणावाचून व जोडीदाराच्या इच्छेविरुद्ध सहजीवन संपविण्याचा हेतू सिद्ध करावा लागतो. सात वर्षांत जिवंत असल्याची खबर नसणे हे मात्र स्वतंत्र कारण आहे. विवाहानंतर एक वर्षाच्या आत, अपवाद वगळता, घटस्फोटाचा अर्ज घेतला जात नाही.

इतर कायद्यांखालील विवाहांस नियम निराळे आहेत. विशेष विवाह अधिनियम, १९५४ खालील विवाहात, पती भारतात राहत नसेल आणि भारतातच अधिवास असलेली पत्नी लगतची तीन वर्षे येथे राहत असेल, तर तिला येथे अर्ज करता येतो. परदेशातील भारतीय वकिलातीत झालेल्या विवाहास परदेशी विवाह अधिनियम, १९६९ लागू होतो. मुस्लिम पत्नीस १९३९ च्या अधिनियमान्वये, पतीचा चार वर्षे ठावठिकाणा नसल्यास किंवा त्याने दोन वर्षे निर्वाहाची तजवीज न केल्यास, विवाहविच्छेद मागता येतो. आणि आखातातून फोनवर वा संदेशाने एका दमात दिलेला तीन वेळचा तलाक २०१९ च्या अधिनियमाने निरर्थक व दंडनीय ठरविला आहे. गोव्यात हिंदू विवाह अधिनियम नव्हे, तर ३ नोव्हेंबर १९१० चा पोर्तुगीजकालीन घटस्फोटाचा कायदा चालतो. विवाहाची नोंद तेथील नागरी निबंधकाकडे असल्याने घटस्फोटाची नोंदही त्याच दप्तरात करून घेणे अगत्याचे असते.

समन्स पोहोचविण्याची अडचण

व्यवहारात अशी प्रकरणे रेंगाळतात ती बहुधा कायद्याच्या मुद्द्यावर नव्हे, तर समन्स बजावण्यावर. परदेशी समन्स बजावणीविषयीच्या १९६५ च्या हेग करारात भारत २००६ साली सामील झाला व १ ऑगस्ट २००७ पासून तो भारतास लागू आहे. त्यानुसार न्यायालयाकडून विहित नमुन्यातील विनंती केंद्रीय विधी व न्याय मंत्रालयाकडे जाते, तेथून संबंधित देशाच्या नियुक्त प्राधिकरणाकडे, आणि बजावणीचे प्रमाणपत्र त्याच वाटेने परत येते. देशानुसार कागदपत्रांचे भाषांतर जोडावे लागते. यात कित्येक महिने जातात. पत्ता अपुरा असेल तर सारे श्रम वाया जातात.

म्हणूनच पारपत्राची प्रत, व्हिसा, नोकरीच्या ठिकाणाचा पत्ता, पैसे पाठविल्याच्या पावत्या, लग्नपत्रिका व छायाचित्रे हे सर्व विवाहाच्या दिवसापासून घरी ठेवणे शहाणपणाचे. मुलीच्या वडिलांना असे कागद मागण्यात संकोच वाटतो. परंतु सोन्याचा हिशेब ठेवणाऱ्यांनी या कागदांचाही ठेवावा. बजावणी सरळ मार्गाने झाली नाही तर न्यायालय अन्य मार्गाने बजावणीचा आदेश देऊ शकते, आणि योग्य बजावणीनंतरही प्रतिपक्ष न आल्यास प्रकरण एकतर्फी चालते.

उभयतांची संमती असेल तर मार्ग बराच सुकर आहे. कलम १३-ब प्रमाणे दोघे निदान एक वर्ष वेगळे राहिलेले असावेत. पहिल्या व दुसऱ्या अर्जामध्ये सहा महिन्यांचे अंतर असते. सप्टेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, समेटाची आशा उरली नसेल आणि पोटगी, मुलांचा ताबा इत्यादी बाबी मिटल्या असतील, तर हे अंतर न्यायालय माफ करू शकते. परदेशातील पक्षास दृक्‌श्राव्य माध्यमातून हजर राहण्याची किंवा आईवडील, भाऊ वा बहीण यांच्यासारख्या जवळच्या आप्तामार्फत काम चालविण्याची परवानगीही मिळू शकते. परदेशात केलेले कुलमुखत्यारपत्र भारतीय वकिलातीकडून साक्षांकित केलेले किंवा अपोस्टिल शिक्क्याचे असावे, आणि भारतात पोहोचल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे. ही मुदत चुकल्याने अडलेली प्रकरणे थोडीथोडकी नसतात.

प्रकरण चालू असता खर्च व निर्वाह यांसाठी कलम २४ खाली अर्ज करता येतो. कायम पोटगी कलम २५ खाली मिळते. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १४४ खाली दंडाधिकारीवर्गाच्या न्यायालयातूनही निर्वाहाचा आदेश होतो. मात्र परदेशी पगारातून ती रक्कम प्रत्यक्ष वसूल होणे ही वेगळी गोष्ट आहे. भारतातील शेतजमीन, घर, बँकखाते यांची माहिती न्यायालयासमोर ठेवल्यास वसुलीस खरा आधार मिळतो. समन्स वा वॉरंट निघूनही न येणाऱ्याचे पारपत्र पारपत्र अधिनियमाच्या कलम १० खाली अटकवून ठेवता येते.

वकिलाच्या शुल्काची विवंचना असल्यास, विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये कोणतीही स्त्री, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत विधी साहाय्यास पात्र आहे. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज पुरतो आणि शिक्षक वा ग्रामसेवक तो लिहून देऊ शकतात. राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीयविषयक कक्ष व परदेशातील भारतीय वकिलाती यांच्याकडेही तक्रार करता येते.

घटस्फोटाचा हुकूम झाल्यावर अपिलाची नव्वद दिवसांची मुदत संपेपर्यंत, आणि अपील झालेच तर ते निकालात निघेपर्यंत, पुनर्विवाह करता येत नाही. हुकमाच्या प्रमाणित प्रती दोन-तीन घ्याव्यात व त्यांपैकी एकीवर अपोस्टिल करून घ्यावे, कारण पुढे पारपत्र वा व्हिसाच्या कामी परदेशी कार्यालये तीच मागतात.