एक संज्ञा, एकच अर्थ

निबंधात तोच तो शब्द पुन्हा पुन्हा येऊ नये, समानार्थी शब्द योजावेत, ही शाळेतील शिकवण आपणा सर्वांच्या अंगवळणी पडलेली आहे. ललित लेखनात ती योग्यच होय. परंतु करारपत्र, संमतिपत्र, नोंदवही व प्रमाणपत्र यांना नेमका उलट नियम लागू पडतो. तेथे एका गोष्टीला आरंभापासून अखेरपर्यंत एकच नाव असावे लागते. शब्द बदलला, तर अर्थही बदलला असावा, असेच कायद्याचा जाणकार गृहीत धरतो.

बेळगाव-निपाणी परिसरात या नियमाचे महत्त्व दुणावते. कुटुंब मराठी बोलणारे, शासकीय नमुना कन्नड आणि केसपेपर इंग्रजी, असे तीन प्रवाह एकाच रुग्णाभोवती मिळतात. मराठी व कन्नड या दोन्ही भाषांनी संस्कृतातून शब्द घेतले आहेत. ते सारखे दिसले, तरी सारख्या अर्थाचे असतातच असे नाही. कन्नड अर्जातील 'पोषक' म्हणजे आईवडील. मराठी वाचकास मात्र त्या शब्दाने आहार आठवतो.

मराठीतील 'पालक' हा शब्दही वाटतो तितका सरळ नाही. शाळेच्या पालकसभेत तो आईवडिलांना उद्देशून असतो. कायद्यात त्याची व्याप्ती निराळी असते. भारतीय न्याय संहितेच्या कलम २७ नुसार बारा वर्षांखालील बालकाच्या हितासाठी संमती द्यावयाची असते ती पालकाने किंवा ज्याच्याकडे त्याचा कायदेशीर ताबा आहे अशा व्यक्तीने. आजोळी आलेल्या बालकास मामा दवाखान्यात आणतो. संमतिपत्राच्या पहिल्या ओळीत 'पालक', मध्ये 'नातेवाईक' आणि सहीखाली 'संबंधित व्यक्ती' असे छापलेले असेल, तर मामाने कोणत्या नात्याने सही केली, हे कसे ठरावे?

हीच गोष्ट 'तपासणी' आणि 'उपचार' या शब्दांची. केवळ निदानात्मक प्रक्रियेसाठी दिलेली संमती ही उपचारात्मक शस्त्रक्रियेची संमती ठरत नाही. जीव वाचविण्यासाठी विलंब करणे शक्य नसेल, तेवढाच अपवाद, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये स्पष्ट केले आहे.

बालरोगतज्ज्ञाला सर्वांत अधिक बोचणारे उदाहरण प्रसूतिगृहातील आहे. 'मृतजन्म', 'उपजत मृत्यू', 'मृत अर्भक', 'बाळ दगावले' हे शब्द आपण सैलपणे एकमेकांच्या जागी वापरतो. वस्तुतः १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार गर्भावधी कितीही असो, मातेपासून पूर्णपणे वेगळे झाल्यावर बाळाने श्वास घेतला किंवा जिवंतपणाचे अन्य कोणतेही लक्षण दाखविले, तर तो जिवंत जन्म होय. अशा बाळाचा जन्मही नोंदवावयाचा व मृत्यूही. 'मृतजन्म' असे लिहिल्याने त्याचे क्षणभराचे अस्तित्वही कागदावरून पुसले जाते.

हा केवळ कागदाचा प्रश्न नव्हे. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. कर्नाटकातील ५९९ प्रसूतिसेवकांना नवजात बालकास श्वास घेण्यास साहाय्य करण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. त्यानंतर मृतजन्मांचे प्रमाण ३.० टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आले. प्रसूतीच्या सुमारासच घडलेल्या, म्हणजे 'ताज्या' मृतजन्मांचे प्रमाण १.७ वरून ०.९ टक्क्यांवर उतरले. नवजात मृत्यूंचे प्रमाण मात्र जवळजवळ तेवढेच राहिले. याचा एक सरळ अर्थ असा की, पूर्वी निपचित जन्मलेली काही बाळे जिवंत असूनही 'मृत' समजली जात असावीत. चुकीच्या संज्ञेने तेथे प्रयत्नच थांबविला होता.

उपाय खर्चिक नाही. दस्तऐवजाच्या आरंभी महत्त्वाच्या संज्ञांची व्याख्या द्यावी. व्याख्या दिलेला शब्द अखेरपर्यंत बदलू नये, मग वाक्य कानाला रुक्ष लागले तरी चालेल. नवजात म्हणजे पहिले २८ दिवस व अर्भक म्हणजे एक वर्षाच्या आतील, असे वयोगट आकड्यांत लिहावेत. नुसत्या 'बालमृत्यू' या शब्दावरून काहीच कळत नाही. मराठी, कन्नड व इंग्रजी संज्ञा तीन रकान्यांत समोरासमोर मांडाव्यात. मराठी रकान्यासाठी महाराष्ट्र शासनाच्या १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाचे परिभाषाकोश साहाय्यभूत ठरतील. कन्नड रकाना आपल्या कन्नडभाषक सहकाऱ्यांकडून तपासून घ्यावा.

आपल्या संघटनेने असा शे-दीडशे संज्ञांचा तक्ता सिद्ध करून सीमाभागातील प्रत्येक रुग्णालयास द्यावा, अशी या निमित्ताने नम्र सूचना करावीशी वाटते. सही करणाऱ्या मातेला आपण कशावर सही करीत आहोत हे तिच्या भाषेत निःसंदिग्धपणे कळणे, हा तिचा हक्क आहे.