प्रोसेसर घ्यावा पारखून

तलासरी तालुक्यातला एक तरुण मध्यंतरी भेटायला आला. गावात दाखले, अर्ज, सातबारा काढून देण्याचे केंद्र सुरू करायचे होते. आईने बचत गटातून कर्ज काढले होते. दुकानदाराने त्याला सांगितले होते, “आय-सेव्हनच घे, बाकीचे चालत नाहीत.” त्या एका सुट्या भागात कर्जातली निम्मी रक्कम जात होती. “सर, घेऊ का?” एवढाच त्याचा प्रश्न. त्याचे उत्तर आज तुम्हा सर्वांसाठी.

प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू. या बाजारात दोन जुने प्रतिस्पर्धी आहेत : १९६८ साली स्थापन झालेली इंटेल आणि १९६९ सालची एएमडी. त्यांची तुलना करताना आपण पहिल्यांदा गिगाहर्ट्झचा आकडा पाहतो आणि तिथेच फसतो. घोलवडच्या चिकूच्या वाडीत एक मजूर तासाला दहा खेपा घालतो, पण पाटीत चाळीसच चिकू घेतो. दुसरा आठच खेपा घालतो, पण साठ-साठ चिकू नेतो. पहिल्याचे झाले चारशे, दुसऱ्याचे चारशे ऐंशी! गिगाहर्ट्झ म्हणजे नुसत्या खेपा. २००० साली आलेल्या पेंटियम-४ च्या खेपा जास्त, पण पाटी लहान होती. म्हणूनच २००१ मध्ये एएमडीने आपल्या १.५३ गिगाहर्ट्झच्या अ‍ॅथलॉन एक्सपीला ‘१८००+’ असे नाव दिले. खेपा मोजू नका, माल मोजा, असेच जणू तिला सांगायचे होते.

दुसरी फसगत नावाची. आय-थ्रीपेक्षा आय-फाइव्ह नेहमीच सरस, असे नाही. पिढी पाहावी लागते. २०१७ च्या अखेरीस आलेल्या आठव्या पिढीच्या आय-थ्री ८१०० मध्ये चार गाभे, म्हणजे कोअर, होते. आदल्या पिढीच्या आय-फाइव्ह ७४०० मध्येही चारच होते आणि त्यांचा वेगही कमी होता.

आता किमतीचा हिशेब करू. समजा, एका चाचणीत ‘अ’ला १०० गुण मिळाले, किंमत १० हजार रुपये. ‘ब’ला १२० गुण, किंमत १५ हजार. हजार रुपयांमागे ‘अ’ देतो १० गुण, ‘ब’ ८. म्हणजे ‘अ’ किफायतशीर? थांबा! नुसता प्रोसेसर घरी नेऊन काय करणार? बाकीच्या संगणकाचे २५ हजार मिळवा. ‘अ’चे यंत्र ३५ हजारांना, म्हणजे हजारी २.८६ गुण. ‘ब’चे ४० हजारांना, हजारी ३ गुण. निकाल उलटला! पण तोही तुमच्या कामाला ते जादा २० गुण लागणार असतील तरच. चित्रफितींचे संपादन करणाऱ्याला ते लागतात. अर्ज भरणाऱ्याचा प्रोसेसर मात्र बराच वेळ बसूनच असतो. खोळंबा होतो तो मंद डिस्कचा, अपुऱ्या मेमरीचा आणि गेलेल्या विजेचा.

मग कंपनी कोणती? कायमची कोणतीच नाही. मार्च २०१७ मध्ये एएमडीने आठ कोअरचा रायझन सुमारे ५०० डॉलरला आणला. तेव्हा इंटेलच्या आठ कोअरला हजाराहून अधिक डॉलर मोजावे लागत. त्याच वर्षी इंटेलनेही आपल्या सर्वसाधारण ग्राहकांसाठीच्या मालिकेत चारावरून सहा कोअर केले. दोघांच्या चढाओढीत फायदा गिऱ्हाइकाचा झाला. म्हणून एकाच नावाला चिकटून राहू नये.

त्या तरुणाला मी साधा, नव्या पिढीचा प्रोसेसर सुचवला. उरलेल्या पैशात एसएसडी, आठ जीबी मेमरी, यूपीएस आणि बरा प्रिंटर बसला. कर्जाचा काही भाग तर काढावाच लागला नाही. आईचा हप्ता हलका झाला.

तेव्हा श्रोतेहो, दुकानात जाण्यापूर्वी कागदावर तीन ओळी लिहा : माझे काम कोणते, ते सध्या कशामुळे अडते, आणि पूर्ण यंत्राला किती पैसे लागतील. दुकानदाराचे ऐकावे जरूर, पण हा कागद हातात ठेवून.