हेक्स एडिटर निवडताना

फाइलमध्ये यूटीएफ-8 पद्धतीने फक्त ‘सातारा’ लिहून जतन करा. ती भरते 18 बाइटची. ‘सांगली’चीही तेवढीच, कारण काना, अनुस्वार, वेलांटी धरून दोन्हींत सहा चिन्हे आणि प्रत्येकाला तीन बाइट. ‘स’ म्हणजे हेक्समध्ये, म्हणजे सोळा अंकांच्या पद्धतीत, ई0 ए4 बी8. हे आकडे दाखवतो आणि बदलू देतो तो हेक्स एडिटर. विंडोजवर एचएक्सडी फुकट मिळतो, बहुतेकांना पुरतो. मॅकवर हेक्स फीन्ड, लिनक्सवर ऑक्टेटा. रंगरूपापेक्षा एवढेच पाहा: बाइट मध्ये घुसवणे आणि असलेल्यावर लिहिणे यांतला फरक तो ठळक दाखवतो का? एक बाइट जादा घुसला की पुढचे सगळे सरकते, प्रोग्रॅम चालेनासा होऊ शकतो. बाइटची अक्षरे दाखवणाऱ्या उजव्या रकान्यात मराठी अक्षरे दिसण्याची आशा मात्र फारशी धरू नका. आणि काम नेहमी फाइलच्या प्रतीवरच करा.