सर्रा रोगाचे संशोधन : पुणे ते चंद्रपूर

सारांश :
सर्रा हा 'ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय' या एकपेशीय परजीवीमुळे जनावरांना होणारा रोग होय. या रोगाच्या संशोधनातील एक महत्त्वाचा टप्पा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात पार पडला, तर त्यास अनपेक्षित वळण २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यात मिळाले. केवळ पशूंचा मानला गेलेला हा परजीवी तेथे एका शेतकऱ्याच्या रक्तात आढळला. माणसाला या परजीवीपासून कोणता घटक वाचवतो, तो नसल्यास काय घडते आणि पशुवैद्यक व मानवी वैद्यक यांनी परस्परांच्या निरीक्षणांकडे लक्ष देणे का आवश्यक आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

कळीचे शब्द : सर्रा, ट्रिपॅनोसोमा, घोडमाशी, अपोलिपोप्रोटीन एल-१, प्राणिजन्य रोग.

प्रस्तावना :
खेड तालुक्यातील महाळुंगे आणि चाकण औद्योगिक पट्ट्यातील इतर गावांमध्ये कारखानदारी वाढली, तरी गोठे नाहीसे झालेले नाहीत. चाकणच्या बाजारात आजही जनावरांची खरेदी-विक्री होते आणि एका गावचे जनावर दुसऱ्या गावच्या दावणीला जाते. अशा जनावरासोबत कोणता रोग येतो, हे त्याच्या बाह्यरूपावरून नेहमीच कळत नाही. गोचीड अंगावर दिसते. पोटातील जंतांची शंका खंगलेल्या शरीरावरून आणि शेणावरून येते. रक्तातील परजीवी मात्र धडधाकट दिसणाऱ्या बैलातही कित्येक महिने दडून राहू शकतो. सर्रा रोगाचा परजीवी याच प्रकारचा आहे.

परजीवीचे स्वरूप आणि प्रसार :
ट्रिपॅनोसोमा हा चाबकासारखी कशाभिका असलेला, रक्तद्रवात वळवळत पोहणारा सूक्ष्म जीव आहे. आफ्रिकेतील त्याचा निकटचा आप्त 'ट्रिपॅनोसोमा ब्रुसी' हा त्सेत्सी माशीच्या शरीरात आपल्या जीवनचक्राचा एक भाग पूर्ण करतो. 'इव्हान्साय' या जातीने आपल्या तंतुकणिकेतील जनुकद्रव्याचा काही भाग गमावला आहे. परिणामी माशीच्या शरीरात वाढण्याची क्षमता तिने गमावली. परंतु त्याचबरोबर त्सेत्सी माशीवरील अवलंबित्वही संपले. त्यामुळेच ही जाती आफ्रिकेबाहेर पडून आशिया आणि दक्षिण अमेरिका येथपर्यंत पसरू शकली.

भारतात तिचा प्रसार मुख्यतः टॅबॅनस वंशाच्या माश्या, म्हणजे घोडमाश्या करतात. या माशीचा चावा वेदनादायक असतो. जनावर शेपटीने तिला हाकलते आणि अर्धपोटी माशी लगेच शेजारच्या जनावरावर बसते. तिच्या मुखावयवांना लागलेल्या रक्तातून परजीवी नव्या शरीरात जातो. माशीच्या मुखावयवांवर तो अल्पकाळच जिवंत राहतो. म्हणून एकत्र बांधलेल्या किंवा एकत्र चरणाऱ्या जनावरांमध्ये प्रसाराचा धोका अधिक असतो. घोडमाशीची वाढ पाणवठ्याच्या काठच्या ओल्या चिखलात होत असल्याने पावसाळ्यात व त्यानंतर रोगाचे प्रमाण वाढते.

संशोधनाचा प्रारंभ :
सन १८८० मध्ये डेरा इस्माईल खान (आता पाकिस्तानात) येथे पशुवैद्यक ग्रिफिथ इव्हान्स यांना आजारी घोडे व उंट यांच्या रक्तात हा परजीवी आढळला. हाच रोगाचे कारण आहे, हे त्यांचे प्रतिपादन तत्कालीन वरिष्ठांना पटले नाही. कलकत्त्यात टी. आर. ल्युइस यांना निरोगी उंदरांच्या रक्तात तसेच जीव दिसले होते; त्यामुळे ते निरुपद्रवी असावेत, अशी समजूत होती. वास्तविक सस्तन प्राण्यांत रोग निर्माण करणाऱ्या ट्रिपॅनोसोमाचा हा पहिला शोध होता. पुढे १८८५ साली ब्रह्मदेशातील खेचरांच्या साथीचा अभ्यास करताना जे. एच. स्टील यांनी या परजीवीला इव्हान्स यांचे नाव दिले. हेच स्टील १८८६ मध्ये सुरू झालेल्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य होत.

पुण्याचा संबंध याहून निकटचा आहे. ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्याच्या सायन्स कॉलेजमध्ये 'इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी'ची स्थापना झाली. तिचे प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यांनी घोड्यांतील सर्रा रोगाचा सविस्तर अभ्यास केला व त्यांचा अहवाल १८९३ मध्ये मुंबईहून प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ही प्रयोगशाळा कुमाऊँमधील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था तिच्यातूनच विकसित झाली. घोडमाशीमार्फत रोगाचा प्रसार होऊ शकतो, हे लिओनार्ड रॉजर्स यांनी १९०१ साली प्रयोगांद्वारे दाखविले.

लक्षणे आणि निदानातील अडचण :
घोडा व उंट यांच्यात सर्रा बहुधा प्राणघातक ठरतो. अधूनमधून येणारा ताप, रक्तक्षय, पोटाखाली व पायांवर सूज आणि वाढत जाणारा अशक्तपणा ही त्याची प्रमुख लक्षणे होत. गाय, बैल व म्हैस यांच्यात तो पुष्कळदा सौम्य किंवा सुप्त असतो. तथापि काही वेळा तीव्र ताप, दूध एकाएकी आटणे, गर्भपात, जनावराने गोल गोल फिरणे, आंधळ्यासारखे भिंतीवर धडकणे अशी लक्षणेही दिसतात. शिवाय संसर्ग झालेल्या जनावरांची प्रतिकारशक्ती मंदावत असल्याने घटसर्पासारख्या रोगांवरील लसीचा अपेक्षित परिणाम न होण्याचा धोका असतो. दृश्य मृत्यूंपेक्षा हे अदृश्य नुकसान पशुपालकाच्या लक्षात उशिरा येते.

ताप चढतो-उतरतो, यामागे परजीवीची एक युक्ती आहे. त्याच्या पृष्ठभागावर एकाच प्रकारच्या प्रथिनाचे दाट आवरण असते. जनावराचे शरीर त्या आवरणाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करून बहुतेक परजीवींचा नाश करते; परंतु ज्या थोड्या परजीवींनी दरम्यान आवरण बदललेले असते, ते वाचतात व पुन्हा वाढतात. म्हणून तापाच्या वेळी घेतलेल्या रक्तकाचेत परजीवी सहज दिसतो आणि ताप उतरल्यावर घेतलेल्या काचेत मुळीच दिसत नाही. एकदा 'नाही' आलेला अहवाल अंतिम मानता येत नाही. सुप्त संसर्गासाठी प्रतिपिंडांच्या किंवा जनुकद्रव्याच्या चाचण्या उपयुक्त ठरतात. उपचारासाठी क्विनापायरामिन, डायमिनाझिन इत्यादी औषधे वापरली जातात. मात्र अपुरी मात्रा दिल्यास औषधाला न जुमानणारे परजीवी निर्माण होण्याची भीती असते.

चंद्रपूर जिल्ह्यातील रुग्ण :
या परजीवीची माणसाला बाधा होत नाही, असा समज शंभराहून अधिक वर्षे टिकून होता. २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याला अनेक महिने थंडी वाजून ताप येत होता व उतरत होता. त्याच्या रक्तकाचेत ट्रिपॅनोसोमा दिसले. नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि त्यांच्या भारतीय व परदेशी सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हा वृत्तांत प्रसिद्ध केला. प्रयोगशाळेतील तपासण्यांनी परजीवी 'इव्हान्साय' जातीचाच असल्याचे निश्चित झाले. मेंदूपर्यंत संसर्ग पोहोचला नसल्याने 'सुरामिन' हे आफ्रिकेतील निद्रारोगावरील जुने औषध योग्य ठरणार होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने ते उपलब्ध झाले व रुग्ण बरा झाला. हिवतापासाठी घेतलेल्या रक्तकाचेत केवळ हिवतापाचेच जंतू शोधण्याची सवय असती, तर या आजाराचे निदान झाले नसते, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

मानवी रक्तातील संरक्षण :
मानवी रक्तद्रव काही ट्रिपॅनोसोमांचा नाश करतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ लाव्हरान यांनी १९०२ सालीच पाहिले होते. त्यामागील घटक 'अपोलिपोप्रोटीन एल-१' हे प्रथिन असल्याचे २००३ मध्ये बेल्जियममधील संशोधकांनी दाखविले. परजीवी रक्तातील पोषक घटकांसोबत हे प्रथिनही आत ओढून घेतो. पेशीच्या आत ते पाचक पुटिकेच्या पटलाला छिद्रे पाडते आणि परजीवी फुगून फुटतो. गुरे, घोडे व उंट यांच्या रक्तात हे प्रथिन नसते. म्हणून ते या रोगाला बळी पडतात.

चंद्रपूरच्या रुग्णाच्या तपासणीतून या सिद्धान्ताला लक्षणीय पुष्टी मिळाली. त्याच्या रक्तात हे प्रथिन नव्हते, कारण संबंधित जनुकाच्या दोन्ही प्रतींमध्ये उत्परिवर्तन झालेले होते. त्याच्या रक्तद्रवात ते प्रथिन बाहेरून मिसळताच परजीवीनाशक शक्ती परत आली. हे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्याच्या गावातील १,८०६ व्यक्तींच्या सर्वेक्षणात ४१० जणांच्या रक्ताने प्राथमिक चाचणीला प्रतिसाद दिला. अधिक काटेकोर चाचणीत ही संख्या ८१ वर आली. ज्या ६० जणांत प्रतिपिंडांचे प्रमाण अधिक होते, त्यांच्यापैकी कोणाच्याही रक्तात परजीवी सापडला नाही. याचा अर्थ असा की, माणसाचा या परजीवीशी संपर्क येत असावा, परंतु बहुतेकांच्या रक्तातील संरक्षण त्याला टिकू देत नाही.

तथापि हे संरक्षण अभेद्य नाही. २०१५ साली व्हिएतनाममध्ये एका स्त्रीला याच परजीवीची बाधा झाली, तेव्हा तिची ही जनुके सामान्य असल्याचे दिसून आले. कच्चे मांस हाताळताना झालेल्या जखमेतून हा संसर्ग झाला असावा, असे मानले जाते. जनुकीय दोष नसलेल्या व्यक्तीलाही बाधा होऊ शकते, हे या घटनेने दाखवून दिले. गोठ्यात, बाजारात व कत्तलखान्यात जनावरांच्या रक्ताशी संबंध येणाऱ्यांनी हातावरील जखमा झाकणे म्हणूनच अगत्याचे आहे.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

१. सर्रा रोगात धडधाकट दिसणारी गुरे व म्हशी परजीवीचा साठा ठरू शकतात. म्हणून नवीन विकत घेतलेले जनावर काही काळ वेगळे बांधणे आणि त्याचे रक्त एकापेक्षा अधिक वेळा तपासणे हितावह आहे.

२. केवळ आजारी जनावरावर उपचार पुरेसे नाहीत. घोडमाश्यांचे नियंत्रण, गोठ्याभोवतीचा चिखल व सांडपाणी यांचा निचरा आणि औषधाची पूर्ण मात्रा या गोष्टी एकत्रितपणे अमलात आणाव्या लागतात.

३. दीर्घकाळ चढउतार होणारा ताप असलेला रुग्ण पशुपालक असल्यास त्याच्या रक्तकाचेची तपासणी हिवतापापुरती मर्यादित ठेवू नये.

४. प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र व भूगोल या विभागांनी स्थानिक पशुवैद्यकीय दवाखान्यांच्या सहकार्याने रक्तकाचांचा अभ्यास, माश्यांचे हंगामी सर्वेक्षण व जनावरांच्या बाजारांतील वाहतुकीचे मार्ग यांवर विद्यार्थी-प्रकल्प हाती घेतल्यास उपयुक्त स्थानिक माहिती जमा होईल.

पुण्यातील प्रयोगशाळेत घोड्यांचा रोग म्हणून अभ्यासलेला परजीवी एका शतकानंतर विदर्भातील शेतकऱ्याच्या रक्तात आढळला, आणि त्या एका रुग्णामुळे मानवी प्रतिकारशक्तीविषयीच्या ज्ञानात मोलाची भर पडली. जनावरांच्या परजीवींचे संशोधन हे दूध व शेतीच्या उत्पन्नापुरते सीमित नसून माणसाच्या आरोग्याशीही ते निगडित आहे, हेच यातून सिद्ध होते.