११ वर्षांनी परतला अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा गेम. चाहते का हरखले, कुरकुर कशावर?

अमेरिकेत १९ जुलै २०२४ रोजी एक व्हिडिओ गेम बाजारात आला आणि तिथल्या चाहत्यांची ११ वर्षांची प्रतीक्षा संपली. गेमचे नाव ‘ईए स्पोर्ट्स कॉलेज फुटबॉल २५’. या मालिकेतला आधीचा गेम जुलै २०१३ मध्ये आला होता. त्यानंतर मालिका बंदच पडली. मधल्या काळात त्या जुन्या गेमच्या वापरलेल्या डिस्क मूळ किमतीपेक्षा जास्त भावाने विकल्या जात होत्या. नव्या गेमची महाग आवृत्ती घेणाऱ्यांना तो तीन दिवस आधी खेळता येणार होता. त्या तीन दिवसांतच २२ लाखांहून जास्त लोक खेळायला बसले, असे कंपनीने जाहीर केले.

एका व्हिडिओ गेमची एवढी वाट का पाहिली गेली? तो बंद का पडला होता? आणि हातात आल्यावर लोकांना काय वाटले? आपल्याकडे हा खेळ फारसा कुणी पाहत नाही. पण या गेममागचा वाद समजायला सोपा आहे. कॉलेजात शिकणाऱ्या पोराचे नाव, चेहरा आणि खेळ विकून पैसा होत असेल, तर त्यात त्या पोराचा वाटा किती?

आधी खेळ समजून घेऊ

फुटबॉल म्हटले की गोव्यात, बेळगावात पायाने मारायचा गोल चेंडू डोळ्यांसमोर येतो. हा खेळ तो नव्हे. अमेरिकन फुटबॉलचा चेंडू लांबट असतो आणि तो मुख्यतः हातात घेऊन पळतात किंवा फेकतात. दोन्हीकडे ११-११ खेळाडू. चेंडू ताब्यात असलेल्या संघाला १० यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. जमले तर पुन्हा चार संधी, नाही जमले तर चेंडू समोरच्याकडे.

तिथे व्यावसायिक लीग आहेच, पण कॉलेज फुटबॉलचे वेड वेगळे. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात १ लाख ७ हजारांवर माणसे बसतात. टेक्सास ए अँड एमच्या काइल फील्डमध्ये १ लाख २ हजारांवर. पुणे, वडोदरा, हैदराबादहून एम.एस. करायला गेलेल्या मुलांमुळे पर्ड्यू, ॲरिझोना स्टेट, टेक्सास ए अँड एम ही नावे अनेक मराठी घरांत ओळखीची आहेत. अमेरिकन माणसाच्या मनात मात्र याच नावांबरोबर आधी शनिवारची मॅच येते. ज्या गावात व्यावसायिक संघ नाही, तिथे कॉलेजचा संघ हाच गावाचा संघ असतो.

बंद का पडला होता?

या मालिकेची सुरुवात १९९३ मधली. जुन्या गेममध्ये कॉलेजांची नावे, रंग, मैदाने खरी असत. खेळाडूंची नावे मात्र नसत. कारण कॉलेज खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेचा नियम असा होता की विद्यार्थी खेळाडू हौशी आहे, त्याने आपल्या नावावर पैसा कमवायचा नाही. मग गेममध्ये फक्त जागा आणि जर्सीचा नंबर दिसायचा. पण उंची, वजन, त्वचेचा रंग, मूळ राज्य असे बाकीचे सगळे खऱ्या खेळाडूशी जुळायचे. नाव तेवढे गायब.

चाहत्यांनी त्यावर उपाय शोधला होता. खरी नावे भरलेल्या याद्या तयार करून ते एकमेकांना देत. आपल्याकडे ‘क्रिकेट ०७’ खेळलेल्या पिढीला हे नवीन नाही. तो गेमही याच कंपनीचा. त्यात भारतीय संघाचा परवाना नव्हता, म्हणून आपल्या खेळाडूंची नावे फिरवलेली होती आणि पोरे पॅच टाकून ती दुरुस्त करत.

२००९ मध्ये यूसीएलएचा माजी बास्केटबॉलपटू एड ओबॅनन याने कॉलेज बास्केटबॉलच्या गेममध्ये स्वतःसारखाच खेळाडू पाहिला. परवानगी कुणी विचारली नव्हती, पैसा तर लांबच. तो कोर्टात गेला. त्याच वर्षी सॅम केलर या माजी क्वार्टरबॅकनेही फुटबॉल गेमवरून दावा लावला. २०१३ मध्ये एनसीएएने आपला लोगो वापरण्याचा करार पुढे चालवायला नकार दिला आणि ईएने पुढचा गेम रद्द केला. खेळाडूंच्या दाव्यांत ईए आणि परवान्यांचे काम पाहणाऱ्या कंपनीने मिळून ४ कोटी डॉलरची तडजोड केली. ऑगस्ट २०१४ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी ओबॅननच्या बाजूने निकाल देऊन एनसीएएचे नियम स्पर्धाविरोधी असल्याचे म्हटले.

बऱ्याच चाहत्यांचा राग तेव्हा दावा लावणाऱ्यांवर निघाला. यांच्यामुळे आमचा गेम गेला, असे बोलले जायचे. पण खेळाडूंनी गेम बंद करा असे म्हटले नव्हते. आमचा वाटा द्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते. वाटा द्यायची सोय नियमांत नव्हती, म्हणून गेम थांबला. १ जुलै २०२१ पासून नियम बदलले. विद्यार्थी खेळाडूंना आपले नाव, छबी आणि ओळख वापरू देण्याचे पैसे घेता येऊ लागले. खऱ्या नावांसकट गेम काढण्याचा रस्ता तिथून मोकळा झाला.

पहिल्या दिवसांत काय आवडले?

गेम सुरू केल्यावर बहुतेकांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे आपले कॉलेज शोधले. वरच्या गटातले तेव्हाचे सगळे १३४ संघ यात आहेत. जॉर्जिया, अलाबामा, ओहायो स्टेटसारखे मोठे तर आहेतच, पण टीव्हीवर क्वचित दिसणारी छोटी कॉलेजेही आपापल्या मैदानासह आणि रंगांसह आहेत. छोट्या कॉलेजात शिकलेल्यांचा आनंद जास्त होता, तो यामुळेच.

सर्वाधिक कौतुक झाले ते वातावरणाचे. कॉलेजांची बँडवर वाजणारी गाणी, संघ मैदानात उतरण्याच्या पद्धती, प्रेक्षकांचा आरडाओरडा यावर मेहनत घेतलेली दिसते. व्हर्जिनिया टेकचा संघ बाहेर पडतो तेव्हा मेटॅलिकाचे ‘एंटर सँडमन’ वाजते, अगदी खऱ्या मॅचसारखे. आणि हा गोंगाट शोभेपुरता नाही. पाहुणा संघ गोंगाटाच्या मैदानात अडचणीत आला की पडदा हलतो, आपल्या खेळाडूने कुठे पळायचे ते दाखवणाऱ्या रेषा वाकड्यातिकड्या होतात. नवखा खेळाडू असेल तर जास्तच गोंधळ. खेळायला सर्वांत अवघड मैदानांची यादी कंपनीने केली, तेव्हा पहिला नंबर काइल फील्डला दिला. त्यावरून इतर कॉलेजवाल्यांची भांडणे झाली ती वेगळीच.

दुसरी गोष्ट, प्रत्येक संघाची खेळण्याची ढब वेगळी आहे. आर्मी, नेव्ही, एअर फोर्स हे संघ चेंडू फारसा फेकत नाहीत, पळूनच पुढे सरकतात, गेममध्येही तसेच. वारंवार मार खाणारा खेळाडू हळूहळू थकतो, तीही नोंद ठेवली आहे. व्यावसायिक लीगवरचा ‘मॅडन’ हा गेम हीच कंपनी दरवर्षी काढते. नवा गेम म्हणजे कपडे बदललेला मॅडन असेल, अशी भीती होती. खेळाचा वेग आणि मोकळेपणा पाहून अनेकांची ती भीती गेली.

लोक सर्वाधिक रमले ते ‘डायनेस्टी’ या प्रकारात. यात तुम्ही प्रशिक्षक होता. शाळांतली पोरे हेरायची, त्यांना आपल्या कॉलेजात यायला पटवायचे, दुसऱ्या कॉलेजात निघालेल्यांना थांबवायचे. ऑनलाइन ३२ जणांना एकत्र खेळता येते. शिक्षण संपवून चार दिशांना गेलेले मित्र यानिमित्ताने पुन्हा एकत्र आले.

कुरकुर कशावर?

तक्रारीही पहिल्या आठवड्यातच सुरू झाल्या. मेनू संथ चालतात, एका पडद्यावरून दुसऱ्यावर जाताना वाट पाहावी लागते. बचाव करणारे संगणकाचे खेळाडू कधी भलतीकडे पळतात. एकाच खेळाडूचा प्रवास जगण्याच्या ‘रोड टू ग्लोरी’मध्ये शाळेतल्या मॅच खेळता येत नाहीत आणि रोजची तीच तीच कामे कंटाळा आणतात, असे पुष्कळांचे मत. गेम फक्त प्लेस्टेशन ५ आणि नव्या एक्सबॉक्सवर चालतो. संगणकावर खेळणारे बाहेरच राहिले. डायनेस्टीमध्ये प्लेस्टेशनवाला आणि एक्सबॉक्सवाला एकत्र खेळू शकत नाहीत. शिवाय ‘अल्टिमेट टीम’मध्ये जादा पैसे टाकून खेळाडूंची पाकिटे घ्यायचा मोह आहेच. २०२४ मध्ये मूळ गेमला ७० डॉलर, म्हणजे तेव्हाचे साधारण ५,८०० रुपये मोजल्यावर तो लोकांना खटकत होता.

खरे प्रशिक्षक गेममध्ये नाहीत, हीही मोठी तक्रार. खेळाडू खरे, मैदान खरे आणि कडेला उभा राहणारा माणूस मात्र भलताच, हे चाहत्यांना पटत नाही.

मोडलेली रांगोळी पुन्हा काढली

एक गोष्ट सीमाभागातल्या वाचकांना लवकर कळेल. अमेरिकेत कॉलेजांचे संघ ‘कॉन्फरन्स’ नावाच्या गटांत खेळतात. हे गट मुळात भूगोलावर बनले. पश्चिम किनाऱ्याचा ‘पॅक-१२’ हा गट १९१५ पासूनचा. टीव्हीच्या पैशासाठी २०२४ मध्ये त्यातली १० कॉलेजे बाहेर पडली आणि तेव्हा दोनच उरली. पॅसिफिक किनाऱ्यावरचे स्टॅनफर्ड अटलांटिक किनाऱ्याच्या गटात गेले. शेजारच्या गावाशी असलेली जुनी चुरस गेली आणि खेळायला हजारो मैल लांब जायची वेळ आली.

गेममध्ये ही नवी रचना आहे. पण गट बदलण्याची मुभाही आहे. तेव्हा अनेक चाहत्यांनी मॅच खेळण्याआधी काय केले, तर पॅक-१२ पुन्हा उभा केला. ज्यांना कुणी विचारले नव्हते, त्यांनी निदान पडद्यावर तरी आपली रेघ जागेवर आणली.

६०० डॉलर पुरेसे का?

नव्या गेममध्ये यायचे की नाही, हे प्रत्येक खेळाडूला विचारले गेले. होकार देणाऱ्याला ६०० डॉलर, म्हणजे सुमारे ५० हजार रुपये, आणि गेमची एक प्रत. ११ हजारांहून जास्त खेळाडूंनी होकार दिला. मुखपृष्ठावर झळकलेले कोलोरॅडोचा ट्रॅव्हिस हंटर, मिशिगनचा डोनोव्हन एडवर्ड्स, टेक्सासचा क्विन युअर्स यांचे करार वेगळे. टेक्सासचाच आर्च मॅनिंग सुरुवातीला गेममध्ये आला नाही. नाही म्हणता येणे, हा हक्कही नवाच.

हिशोब केला तर ११ हजार खेळाडूंचे मिळून ६६ लाख डॉलर होतात. गेम लाखोंनी खपत असताना ही रक्कम तोकडी आहे, विक्रीत टक्केवारी हवी होती, असे म्हणणारे आहेत. दुसरी बाजू अशी की राखीव फळीत बसणाऱ्या, कधी मैदानात न उतरलेल्या पोरालाही तेवढेच पैसे मिळाले. जुन्या गेमच्या वेळी सगळ्यांना मिळून शून्य मिळत होते.

२४ ऑगस्ट २०२४ रोजी डब्लिनमध्ये फ्लोरिडा स्टेट आणि जॉर्जिया टेक यांच्या मॅचने खरा मोसम सुरू झाला. कॉलेजांनी खेळाडूंना थेट पैसे द्यावेत, यासाठीची मोठी तडजोड मे २०२४ मध्ये ठरली आणि जून २०२५ मध्ये कोर्टाने ती मंजूर केली. अशा वेळी पुढच्या गेमसाठी ६०० डॉलरवर भागणे कठीण. मेनू संथ आहेत, ही तक्रार एखाद्या अपडेटने मिटेल. वाट्याचा प्रश्न मात्र दरवर्षी नव्या गेमबरोबर पुन्हा विचारला जाईल, आणि आता खेळाडूंना विचारल्याशिवाय तो सुटणार नाही.