तुमची फीड म्हणजे शहर नव्हे

२०२३ मध्ये औरंगाबादचे नाव अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाले. अशा विषयांवर ‘सगळे लोक हेच म्हणताहेत’ असे आपण मोबाइल पाहून सहज बोलून जातो. ही समजूत चुकीची आहे, पण स्वाभाविकही आहे, कारण आपल्या पडद्यावर तसेच दिसत असते.

फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूबवरची फीड (एकाखाली एक येणाऱ्या मजकुराची यादी) प्रत्येकासाठी वेगळी लावली जाते. हे काम अल्गोरिदम (संगणकाला नेमून दिलेली कामाची पद्धत) करतो. हे हिमरू विणीच्या शालींच्या दुकानासारखे आहे: तिथे गिऱ्हाइकाची नजर कोणत्या शालीवर रेंगाळते ते पाहून दुकानदार तसल्याच शाली पुढे टाकत जातो. कपाटातल्या बाकीच्या उलगडल्याच जात नाहीत. शेजारच्या गिऱ्हाइकासमोरचा ढीग वेगळा असतो.

‘मी तर कशालाच लाइक करत नाही’ असेही ऐकू येते. लाइक लागतेच असे नाही. व्हिडिओ किती वेळ पाहिला, कोणाला पाठवला, कुठे टिप्पणी केली, हेही मोजले जाते. संतापून शेवटपर्यंत पाहिलेला व्हिडिओ पाहिलेलाच धरला जातो. मला ही बाब सर्वांत गंभीर वाटते: भांडण नको असलेल्या माणसाकडेही भांडणाचा मजकूर पुन्हा येऊ शकतो. व्हॉट्सॲप गटात मात्र संदेश सर्वांना सारखेच, वेळेच्या क्रमाने दिसतात.

फीडवर आपलाही थोडा ताबा राहू शकतो. यूट्यूबवर पाहिलेल्या व्हिडिओंची नोंद बंद करता येते. इन्स्टाग्रामवर २०२२ पासून फक्त आपण फॉलो केलेल्यांचा मजकूर वेळेच्या क्रमाने पाहण्याची सोय आहे. शहराचे मत ठरवण्याआधी ती एकदा जरूर वापरून पाहा.